काठीचा मान

कुरकुंभच्या त्या परदेशी कंपनीत मला घेतलं ते इंग्रजीसाठी आणि वापरलं ते मराठीसाठी. मी शिरूरची, इंग्रजी शाळेत शिकलेली. खेड्यातल्या माणसांशी बोलताना माझीच जीभ अडखळायची. पण परदेशातून आलेल्या आमच्या साहेबांच्या लेखी मी 'लोकल' होते.

कंपनी गावाला परकी वाटता कामा नये, असा तिकडच्या हेड ऑफिसचा हुकूम आला होता. म्हणून रिसेप्शनला वारली चित्रं लागली (आमच्याकडे वारली काढतं कोण?) आणि कँटीनमध्ये शुक्रवारी पिठलं-भाकरी सुरू झाली. सुट्ट्या मात्र परदेशातच ठरायच्या. शेजारच्या गावची जत्रा त्यांत नव्हती.

प्लँटवरचा एक ऑपरेटर त्याच गावचा. जत्रेत देवाची काठी मिरवायचा मान त्यांच्या घराचा. वडील गेल्यामुळे त्या वर्षी तो मान पहिल्यांदाच त्याच्याकडे आला होता. त्याने रजा मागितली. मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं.

"रजा कुणालाच नाही, ऑर्डर तोंडावर आहे," साहेब म्हणाले. "पण जत्रेला मी स्वतः जाणार. तूही चल."

म्हणजे गावची पोरं कामावर आणि साहेब जत्रेत!

देवळापुढे साहेबांना फेटा बांधला. मग गावातल्या एका म्हाताऱ्या आप्पांनी देवाची काठी त्यांच्या हातात दिली. दोन पुरुष उंचीचा बांबू, त्यावर कापडांचे थर. साहेब खूश. फोटो निघाले. साहेब काठी खाली टेकवायला लागले तसे आप्पा ओरडले, "आवो, टेकवू नका! ताई, सांगा त्यास्नी. पाव्हन्यानं धरली की फकस्त मानकऱ्याच्याच हातात द्यायाची, त्याबिगर ती भुईला लागत न्हाई."

"मग मानकऱ्याला बोलवा," साहेबांचं म्हणणं मी मराठीत सांगितलं.

"त्यो तुमच्याच कंपनीत हाय की. आमी कुठनं बोलवावा?"

"ऱ्हाऊ द्या वो आप्पा," मागून एक बाई म्हणाली, "सायब घरचंच हायेत म्हनं!" सगळ्या बायका हसल्या.

साहेबांचे हात थरथरायला लागले. फेटा कानावर घसरला, तो सावरायलाही हात मोकळा नव्हता. शेवटी माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "जीप पाठव. त्याला बोलावून घे."

तो युनिफॉर्मवरच आला. सेफ्टी बूट देवळाबाहेर काढले, काठीला डोकं टेकवलं, ती साहेबांच्या हातातून सहज घेतली आणि चालू लागला. ढोल वाजायला लागले. आमच्याकडे मग कुणी पाहिलंच नाही.

परतताना साहेब तळहात चोळत होते. "मानकरी तो आहे, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

सांगितलं होतं. चांगल्या, स्वच्छ इंग्रजीत.