ऐकून लिहायचं नाही

केर काढताना मी बाबांचा वॉकर उचलला आणि सहज उलटा करून पाहिला. आणल्याला सोळा दिवस झाले होते, आणि त्याचे रबरी पाय दुकानातल्यासारखे कोरे करकरीत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आई गेल्यापासून बाबा बनशंकरीच्या घरात एकटे राहायचे. बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज सकाळ-दुपार चालवा, नाहीतर अंथरुणाला खिळतील. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथं त्यांना नेणं शक्य नव्हतं, म्हणून मीच बॅग भरून इकडे आले. पुण्याहून दादानं फोनवर निकाल सांगून टाकला. शहराबाहेर होसकोट्याजवळ त्यानं एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. महिनाअखेरीला तो येणार, तोवर बाबा आपले आपण बाथरूमपर्यंत जायला लागले तर ठीक, नाहीतर तिकडे हलवायचं. दादा वाईट नाही, पण पुण्यात बसून त्याला सगळंच सोपं दिसतं. बाबा या घरातून हलणार नाहीत, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

मी ऑफिसला गेले की दोघांवर भिस्त होती. सकाळी शेजारच्या अक्का. त्यांचं घराणं चार पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड; बाबांना त्या अण्णा म्हणायच्या. दुपारी एक वाजल्यापासून काका, म्हणजे बाबांच्या कारखान्यातले जुने सहकारी. बाबा तिथं शिफ्टचे प्रमुख होते आणि काका त्यांच्या हाताखाली. शिवाय इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या बायका डबे पाठवायच्या. इतके की फ्रिजमध्ये तीन प्रकारचं वरण एकाच वेळी असायचं. मला वाटत होतं, किती छान जमलंय सगळं.

वॉकर हातात घेऊनच मी अक्कांच्या दारात गेले.

"अण्णा म्हणाले, काका आल्यावर चालतो," अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं सरी, बरं."

काकांना फोन लावला. "अगं, साहेब म्हणाले, सकाळीच झालं. साहेबांनी सांगितल्यावर पुन्हा काय विचारायचं?"

आणि संध्याकाळी बाबा मला सांगायचे, "दोन्ही वेळेस झालं." मीही मान डोलावून कुकर लावायला जात होते. बारभाईंची खेती म्हणतात ती ही. कोणी कामचुकार नव्हतं. सगळ्यांनी वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मानला, एवढंच.

मी वॉकर बाबांच्या पलंगापुढे ठेवला. आधी ते चिडले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "भीती वाटते गं. त्या दिवशी दूधवाल्यानं हाका मारेपर्यंत मी त्या ओल्या फरशीवर पडून होतो. उठताच येईना."

मला रडू आलं. त्यांना एकटं ठेवल्याची लाज वाटली. पण त्या क्षणी मी "असू दे, बाबा" म्हटलं असतं तर त्यांना होसकोट्याला मीच पोचवल्यासारखं झालं असतं.

"बाबा, कारखान्यात मीटरचं रीडिंग कसं लिहायचे?"

उत्तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. स्वतः बघायचं आणि लिहायचं, ऐकून लिहायचं नाही. आणि पुढच्या माणसानं चार्ज घेतल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही. मी तान्ही असताना आई मला बाबांच्या हातात देताना "चार्ज घ्या" म्हणायची, आणि ते म्हणे खरंच घड्याळ बघायचे.

दुसऱ्या दिवशी मी एक लांबोडी वही आणली. वेळ, किती फरश्या, कोणी पाहिलं, सही. नियम त्यांचेच. एक वाजता अक्का आणि काका दोघं समोर असतील, बाबा चालतील, दोघं सही करतील, मगच अक्कांनी घरी जायचं. पलंगापासून बाथरूमपर्यंत वीस फरश्या होत्या.

पहिल्या दिवशी तीन झाल्या. काका ओशाळून म्हणाले, "साहेब, पाच लिहू का?" बाबा भडकले, "खोटं रीडिंग लिहितोस?" रागाच्या भरात चौथ्या फरशीवर गेले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. एकदा ते सातव्या फरशीवर अडून उभे राहिले आणि मला नको नको ते बोलले. मी ऐकून घेतलं आणि सात लिहिलं. अक्का मात्र ओरडत नसत. पुढे उलट्या चालत "अण्णा, स्वल्प या की, अजून स्वल्प" असं लहान मुलाला बोलवावं तसं बोलवायच्या. बाबांना ते मुळीच आवडायचं नाही, पण पाऊल टाकायचे. मंडळातल्या बायकांना मी सांगितलं, डबे पुरे, त्यापेक्षा रविवारी येऊन सही करा. एक-दोघी रागावल्या. रागावू देत.

एकोणीस फरश्यांवर गाडी अडली. विसावी बाथरूमच्या अगदी तोंडाशी होती आणि तिथून ते रोज परत फिरायचे. चार दिवस वहीत एकोणीसच. पाचव्या दिवशी दादा आला.

चहा पिऊन झाल्यावर त्यानं आश्रमाचा विषय काढला. फार हळू आवाजात बोलत होता, डोळे भरले होते त्याचे. बाबांनी ऐकून घेतलं, वॉकर पुढे ओढला आणि उठले. दादा आधार द्यायला धावला.

"हात लावू नकोस. वही घे."

मी फरश्या मोजत होते. एकोणिसाव्या फरशीवर ते थांबले. मी जागची हलले नाही. मग वॉकरचे पाय पुढे टेकल्याचा आवाज आला, आणि पुन्हा एकदा, आणि ते आत गेले. मागे दार लोटलं.

दादा वही उघडून बाहेर उभा होता. आधीची पानं चाळत होता, सह्या बघत होता. मग शेवटी त्यानं आजचा आकडा लिहिला आणि सही केली.

"वेळ टाकलीस का?" आतून बाबांनी विचारलं.