सासऱ्यांच्या विमानाची खुर्ची

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत धनजला सासऱ्यांच्या घरी मी पंख्याचा रेग्युलेटर जाळला. विज्ञानाचा शिक्षक ना मी, मोठ्या ऐटीत खोलला होता. सासऱ्यांनी दुसरा आणून बसवला आणि मग चार पाहुण्यांत सांगितलं, "जवाई शिकेल हायेत, पण हाताले काई येत नाई."

याला बावीस वर्षं झाली. माणूस एवढ्या वर्षांत कितीतरी अपमान विसरतो, पण मी हा एक नीट जपून ठेवला. सासरे हवाई दलात विमानांच्या देखभालीवर होते. वीस वर्षं नोकरी करून गावी आले आणि तूर-सोयाबीनला लागले. अशा माणसासमोर पंखा जाळलेल्या जावयाची काय किंमत असणार, ते मलाही कळतं. पण म्हणून काय जन्मभर तेच ऐकायचं?

तेव्हा यंदा त्यांच्या पंचाहत्तरीला मी ठरवलं की ज्या लढाऊ विमानावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, तेच विमान बहात्तर पट लहान करून, स्वतःच्या हातानं जोडून द्यायचं. ते वाक्य त्यांना परत घ्यायला लावायचं, एवढाच हेतू. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा खोका मागवला. याआधी मी तीन विमानं जोडली होती आणि त्यातली दोन लोकांना विमानं म्हणून ओळखू यायची.

खोक्यातल्या भागांवर भागलं असतं. पण इंटरनेटवर या नादातले लोक भेटले आणि माझं डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं, खोक्यातली पायलटची खुर्ची म्हणजे न्हाणीघरातलं स्टूल. खरी हवी असेल तर रेझिनची वेगळी विकत मिळते. डायलसाठी पितळेचा कोरलेला पत्रा मिळतो, पट्टे वेगळे, त्या पट्ट्यांची बक्कलं आणखी वेगळी. मी सगळं मागवलं.

कारंज्याला आमच्या दारात पार्सल आलं, तेव्हा बायकोनं पाकीट हलवून पाहिलं.

"काय आलं एवढ्याशा पुडीत?"

"खुर्ची."

"कोणाले बसाले?"

"पायलटला."

"मंग पायलट कुठी हाय?"

"पायलट नाही बसवायचा. बसवला तर खुर्ची झाकली जाते."

तिनं पाकीट माझ्या हातात ठेवलं. "बाप्पा बाप्पा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पुढचे चार महिने मी चष्म्यावर भिंग लावून बसलो. एक बक्कल तिळाहून लहान. चिमट्यातून उडालं ते गेलंच. मी घरात दोन दिवस झाडू बंद केला, टॉर्च घेऊन पलंगाखाली पालथा पडलो, बायकोला "पाय उचल, पाय उचल" करत हैराण केलं. "मुंग्यांनं नेलं असन," ती वैतागून म्हणाली, "त्याइच्या लेकरायले खेळाले." तिसऱ्या दिवशी शाळेत एका सरांनी माझ्या कोपराला काय चमकतंय म्हणून विचारलं. बक्कल होतं! डिंकानं चिकटून तीन दिवस माझ्यासोबत हजेरी घेत होतं.

पंचाहत्तरीच्या दिवशी बुटाच्या खोक्यात कापूस घालून विमान मांडीवर घेतलं आणि बायकोसोबत एसटीनं धनजला गेलो. पाहुण्यांसमोर खोका उघडला. सासऱ्यांनी विमान दोन्ही हातांत घेतलं, खिडकीशी नेलं, खूप वेळ पाहिलं.

"लय बारीक काम केलं जवाईबापू," ते म्हणाले. सगळ्यांच्या देखत!

मग मला कोण धरतो. एकेका पाहुण्याच्या हातात भिंग देऊन मी खुर्ची दाखवली, पट्टे दाखवले, डायल मोजायला लावले. एका म्हाताऱ्या मावशींना दिसत नव्हतं, तर त्यांनाही सोडलं नाही.

पंगत मांडली तेव्हा सासरे कुठे दिसेनात. शोधत मागच्या खोलीत गेलो, तर ते बाजेवर बसलेले आणि विमान हातात उलटं, पोट वर केलेलं. चाकं आत जातात त्या कप्प्यात बोट घालून चाचपत होते.

"अहो मामाजी, खुर्ची तुटेल ना!" मी ओरडलोच.

ते दचकले. घाईनं विमान सुलटं केलं. "नाई नाई, काई नाई केलं म्या," म्हणाले, जसं काही त्यांचंच चुकलं होतं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आणि मी त्याच्यावर ओरडलो. मला माझीच लाज वाटली.

"खालून पाहून राह्यलो होतो," ते हळूच म्हणाले. "वर आमी कायले बसतो? म्या वीस वर्सं खालीच होतो. चाकं, बरेक, सारं माह्याकडं."

तो कप्पा मी पाहिला. आत नुसतं करडं प्लॅस्टिक. साधा रंगसुद्धा दिला नव्हता. त्या कप्प्याच्या पाइपांचा, नळ्यांचा संचही इंटरनेटवर खुर्ची होती त्याच पानावर विकायला होता. मी तो पाहिला होता आणि म्हटलं होतं, खालून कोण बघतं? जो माणूस बघणार होता, त्याचं नेमकं काम काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षांत जावई म्हणून मी त्यांच्याकडून मानपान घेतला, धोतर-टोपी घेतली, पण तिथे तुम्ही नेमकं काय करायचे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी त्यांच्याशेजारी बाजेवर बसलो. "मामाजी, इथं आत काय काय असायचं?"

मी नुसतं बरं दिसावं म्हणून विचारतोय की काय, ते आधी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ताडलं. मग विमान पुन्हा उलटं केलं आणि माझं बोट धरून त्या रिकाम्या कप्प्यात घातलं.

"अथी बरेकचा पाइप. थ्याच्या नटाले तार पिळून बांधा लागे, नाईतर हादऱ्यानं ढिला होते. हे एवढीशी जागा. उन्हाळ्यात पाठ भाजे. पण म्या सही केल्याबिगर पायलट शिडी चढे नाई."

बायकोनं पंगतीतून हाक मारली, पानं वाढली म्हणून.

"थांब वं जराशी," ते तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "जवाईबापू मले काई इचारून राह्यले."