थांबू का?

संगणकाच्या पडद्यावर कुठली खिडकी वर, कुठली खाली, कुठली कशी सरकायची हे ठरवणारा एक प्रोग्राम असतो. लिनक्स या संगणकप्रणालीवरच्या अशाच एका फुकट, खुल्या प्रोग्रामची मोडतोड करून केलेली माझी आवृत्ती मी गेली काही वर्षं कोल्हापुरात बसून सांभाळतोय. हौस म्हणून नव्हे. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्या शहाण्यांमुळे.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून द्यायचं छोटं दुकान आहे. कानाच्या दुखण्यानंतर तिला पडद्यावर काही हललं की गरगरायला लागलं. आणि या प्रोग्राममधली प्रत्येक खिडकी उड्या मारतच यायची. सेटिंगमधून बंद केलं तरी निम्म्या उड्या चालूच. मी त्या मंडळींना सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की हालचाल हा आमच्या सौंदर्यदृष्टीचा भाग आहे. दुकानात बादली शेजारी घेऊन बसणाऱ्या बाईला ही सौंदर्यदृष्टी कोणी समजावायची?

म्हणून मी सगळ्या उड्या मुळापासून उपटल्या. अक्का पुन्हा कामाला बसली. तेव्हापासून ही मंडळी दर नव्या आवृत्तीत राहतं घर पाडून पुन्हा बांधतात, आणि मी माझे बदल घेऊन त्या ढिगाऱ्यात जागा शोधत फिरतो. त्यात जगातले काही फुकटे माझी आवृत्ती वापरायला लागले. आभार एकानं मानले नाहीत, तक्रारी मात्र मालक असल्यासारख्या. माझं ठरलेलं उत्तर असायचं: चूक तुमची, नीट वाचून बटण दाबा.

एखादा प्रोग्राम अडकला की एक चौकट येते. वाट बघायची की तो बंद करायचा, असं विचारते. तिचं मूळ मराठी भाषांतर कोर्टाच्या नोटिशीसारखं होतं. मी ते आपल्या बोलीत केलं. 'ह्यो अडकलाय. थांबू का?' खाली दोन बटणं, 'व्हय' आणि 'न्हाय'. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी. अक्का मधेमधे म्हणायची की केलेलं काम उडतंय. तिलाही मी तेच ठरलेलं उत्तर ऐकवलं.

मागच्या महिन्यात मी दुकानात असताना शिरोळहून एक पावणं आले. गावच्या शाळेची स्मरणिका करून हवी होती. चांगलं मोठं काम, पण अक्कानं त्यांना परत पाठवलं. का, विचारलं तर म्हणाली, मोठी कामं तिनं कधीच सोडलीत. आजारपणापासून डोकं ठिकाणावर नाही, कितीही जपलं तरी चुकीचं बटण दाबलं जातं. मी हसून म्हटलं, दाखव बघू कसं दाबतेस.

संगणक जुना, अडकायला वेळ लागला नाही. चौकट आली. अक्कानं शांतपणे 'न्हाय' दाबलं, प्रोग्राम बंद झाला आणि अर्धी झालेली पत्रिका गेली.

"न्हाय का दाबलंस?"

"आरं, थांबू का म्हणून इचारतंय की त्ये. थांबू नगो, चालू ऱ्हा, म्हणून न्हाय दाबलं."

थांबणं म्हणजे वाट बघणं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. थांबणं म्हणजे काम बंद करणं, हे इथंच जन्मून, इथंच वाढून मला सुचलं नव्हतं. त्या सौंदर्यदृष्टीवाल्यांनी तिला नुसतं गरगरवलं होतं. ती बिनडोक आहे हे तिला मी पटवून दिलं, तेही तिच्याच बोलीत. लाज वाटली मला, आणि ती वाटायलाच हवी होती.

मी सांगितलं, अक्का, चूक तुझी नव्हती, माझ्या शब्दाची होती.

तिनं माउस बाजूला सारला. "मंजी मी येडी झालो न्हवतो," असं म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मग एकदम उठून तिनं मला त्या पावण्यांच्या मागं पिटाळलं. मी स्टँडवर पोचलो तेव्हा शिरोळची गाडी सुटली होती.