एकाच नंबराच्या दोन तक्रारी

आमच्या घरात नेट स्लो झालं की माझी मुलगी राउटरकडे धावते आणि मी आधी घरातल्या माणसांकडे बघते. "आई, माणसांचा काय संबंध?" असं ती वैतागून विचारते. संबंध असतो. तो मला वीसेक वर्षांपूर्वी सासरी, मारेगावात कळला, तोही चांगली फजिती झाल्यावर.

लग्नाआधी मी नागपुरात डीटीपीच्या दुकानात कामाला होते. लग्न ठरलं तसं दुकान सुटणार हे उघडच होतं, पण शाळेची गाइडं छापणाऱ्या एका प्रकाशकांना माझं टायपिंग आवडत असे. ते म्हणाले, "लिखाण मी एस.टी.च्या पार्सलने पाठवतो, तुम्ही तिकडे टाइप करून ई-मेल करा." मी लगेच हो म्हटलं. मारेगावातून ई-मेल कसा करायचा हे मला माहीत नव्हतं, पण तसं कबूल करणं माझ्या स्वभावात बसत नाही.

सासरी आम्ही तिघंच. मी, नवरा आणि सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची. माझ्या टायपिंगला कुणी विरोध केला नाही आणि कौतुकही केलं नाही. सुनेचा वेळ जातो, एवढीच त्याची किंमत. मला मात्र ते काम जिवापाड हवं होतं. ते गेलं असतं तर मी नुसती कुणाची बायको आणि कुणाची सून उरले असते.

सुरुवातीला मी फ्लॉपी घेऊन एस.टी.ने वणीच्या कॅफेत जायची. पोचेपर्यंत फ्लॉपी हमखास बिघडलेली असे, आणि कॅफेवाला माझ्याकडे असा बघे, जणू मीच ती वाटेत चावली. मग माझ्या कॉम्प्युटरला मोडेम लावून घरच्या फोनवरून इंटरनेटची जोडणी घेतली. त्यासाठी फिरवायचा नंबर नागपूरचा, म्हणजे एसटीडीचा महागडा दर. पहिलं बिल आलं तेव्हा नवऱ्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तो कामावर निघून गेला. तो ओरडला असता तर मी परतून ओरडले तरी असते. मग सुरू झाला स्वस्तातल्या नंबराचा शोध. कॅफेवाल्याने ताकास तूर लागू दिली नाही. यवतमाळला एका लग्नात नवऱ्याच्या जाणकार मित्राला गाठलं, तर तो "सांगतो" म्हणून पंगतीत गेला तो पुन्हा दिसलाच नाही. शेवटी नंबर सापडला माझ्याच टेबलावर. इंटरनेटचे तास विकत मिळायचे त्या कार्डाच्या पाकिटावर, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं की हा नंबर कुठूनही फिरवा, लोकल कॉलचाच दर पडेल. तीन महिने मी त्या पाकिटावर चहाचा कप ठेवत होते.

बिलाची चिंता मिटली आणि खरी डोकेदुखी सुरू झाली. मोडेम किंचाळायचा, खरखरायचा, एकदाचा जोडला जायचा, आणि फाइल अर्धी गेली की लाइन तुटायची. पुन्हा पहिल्यापासून. मी वायर बदलली. भिंतीतला सांधा घासून चकचकीत केला. कूलरमुळे गडबड होते का म्हणून कूलर बंद ठेवून पाहिला. मे महिन्यातल्या मारेगावात तो प्रयोग अर्धा तास टिकला. मग वहीत नोंदी ठेवायला लागले, किती वाजता जोडलं, वेग किती मिळाला, किती वाजता तुटलं. त्यावरून एवढंच निघालं की बाकी वेळी वेग इतका कमी मिळतो की फाइल जातच नाही, आणि वेग बरा असतो त्या सकाळी आठ ते दहाच्या मधेच लाइन तुटते, तीही सारखी. म्हणजे दोष टेलिफोन एक्सचेंजचा, असा निकाल मी देऊन टाकला. लाइनमन दोनदा येऊन गेला. "लाइन तं एकदम झकास हाय मॅडम," म्हणाला. मी त्याला असं काही फैलावर घेतलं की तो चहा न घेताच गेला.

त्यातच प्रकाशकांचा फोन आला. फाइल सलग तिसऱ्यांदा उशिरा पोचली होती. गृहस्थ सभ्य, आवाज न चढवता म्हणाले, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शेवटचे धडे आले नाहीत, तर पुढचं पुस्तक मला इथेच कुणाला तरी द्यावं लागेल." मी रिसीव्हर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि तडक एक्सचेंज गाठलं.

तक्रारींचं रजिस्टर काउंटरवर दोरीने बांधलेलं असे. मी लिहायला पेन टेकवलं आणि वरच्याच ओळीत आमच्या घरचा नंबर दिसला. अक्षर माझं नव्हतं. वळणदार, शिरोरेघा पट्टीने ओढल्यासारख्या. ‘दूरध्वनीत सकाळी कर्कश आवाज येतो. मंगळवारी पाच वेळा तपासले. ८.१०, ८.३०, ८.४५, ९.१०, ९.३०. लाइन त्वरित दुरुस्त करावी.’ खाली मामाजींची सही.

पर्समधली माझी वही मी काढली. मंगळवार. ८.१०, ८.३०, ८.४५. शेवटच्या नोंदीत काय तो दोन मिनिटांचा फरक, तोही बहुतेक घड्याळांचा.

मामाजी निवृत्त शिक्षक. फोनसाठी त्यांनी कित्येक वर्षं वाट पाहिली होती, आणि आला तो पहिलं वर्षभर सारखा बंद पडायचा. तेव्हापासून त्यांना सवयच लागली होती. सकाळी येता-जाता रिसीव्हर उचलायचा, टोन आहे का ऐकायचं, हलकेच ठेवून द्यायचा. फोन पुढे बैठकीत, आणि त्याच लाइनीची दुसरी वायर मागे माझ्या खोलीत. सकाळी बैठकीत त्यांचे मित्र बसत, म्हणून मी तिकडे फिरकत नसे. त्यांनी रिसीव्हर उचलला की माझी लाइन तुटे आणि त्यांच्या कानात मोडेमची खरखर जाई. फोन बिघडला या काळजीने ते थोड्या वेळाने पुन्हा उचलून बघत.

लाइनमन माझ्या खांद्यावरून वाचत होता. "मी म्हणलं नव्हतं मॅडम? लाइन झकास हाय. तुमच्या घरचेच दोघं एकमेकाईची कंप्लेंट करून राह्यले." अख्खं एक्सचेंज हसलं. माझा चेहरा लालबुंद झाला, आणि त्याची माफी मागायचंही मला सुचलं नाही.

घरी येईपर्यंत उन्हात मी मनातल्या मनात चांगलं तिखट भाषण तयार केलं होतं. मामाजी दारातच बसले होते. "इतक्या उन्हात कुठी गेलती?" त्यांनी विचारलं, आणि भाषण कुठल्या कुठे गेलं. मी सगळं सरळ सांगितलं.

"म्हंजे तो आवाज तुह्या कॉम्प्युटरचा होय?"

"हो मामाजी. फाइल फोनच्या तारेतूनच जाते."

"मले वाटे, थे लायटीवर चालते." त्यांनी मला समोर बसायची खूण केली. मग म्हणाले, "जिंदगीभर पोराईले शिकवलं म्या. मले समजलं नसतं काय? सांगतलं काहून नाई?"

यांना नाही समजणार, असं मी गृहीत धरलं होतं. वायर तपासली, सांधे तपासले, परक्या माणसाला वाट्टेल ते बोलले, आणि घरच्या माणसाशी दोन वाक्यं बोलायची मला गरज वाटली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. "चुकलं माझं," मी म्हटलं.

"जाऊ दे. मी बी तं तीनदा एक्सचेंजले जाऊन आलो," ते म्हणाले. "आता दाखव, कसं जाते थे."

ते पहिल्यांदाच माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसले. मी नंबर फिरवला. मोडेमची सगळी किंचाळी त्यांनी मान तिरकी करून ऐकली. "हे काय बोलून राह्यलं?"

"आपला मोडेम तिकडच्याला विचारतो, किती वेगाने बोलू? लाइन साफ असली तर भरभर, खरखर असली तर हळू."

"म्हंजे मास्तर पह्यल्या दिवशी वर्गाचा अंदाज घेते तसं," मामाजी म्हणाले. इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नसतं.

शुक्रवारी आठ वाजता मी बसले. पुढच्या बैठकीतलं काही कानावर यावं म्हणून कूलर बंद ठेवला. मामाजींनी आपली खुर्ची फोनशेजारी ओढली. त्यांचे मित्र जमले. त्यातल्या एकाला पांढरकवड्याला लेकीकडे फोन लावायचा होता.

"आता नाई," मामाजींचा आवाज आला. "आमच्या सुनेचं काम चालू हाय."

"अर्जंट हाय गा."

"अर्जंट असन तं चौकातल्या पीसीओवर जाय. इथं बारा वाजेपर्यंत कोनी हात लावायचा नाई."

आमच्या घरचा फोन त्यांनी आजवर कुणाला नाकारलेला नव्हता. मी घामाने निथळत होते आणि मला फार बरं वाटत होतं. धडे एकामागून एक गेले. एकदाही लाइन तुटली नाही. शेवटचा गेला तेव्हा सव्वादहा झाले होते.

दुपारी बाराच्या सुमाराला बैठकीत घंटी वाजली. मामाजींनी फोन उचलला. "हो, तेच घर. मी सासरा बोलून राह्यलो." मग नुसतं ऐकणं. मग म्हणाले, "नाई जी, थे मी कसा सांगू? काम तिचं हाय. तिलेच इचारा."

त्यांनी मला हाक मारून बैठकीत बोलावलं, रिसीव्हर माझ्या हातात दिला, मित्रांना "चला, बाहेर बसू" म्हणून उठवलं आणि जाताना दार ओढून घेतलं. पुढचं पुस्तक दुप्पट जाडीचं आहे, जमेल का, असं प्रकाशक विचारत होते. मी मामाजींच्या खुर्चीत बसले, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "जमेल. पार्सल पाठवा."