ओब्दुलियाबाईंचं कुंपण

मेक्सिकोतल्या सोनोराच्या वाळवंटातल्या त्या वस्तीत रेमीहियोला सगळे उस्ताद म्हणत. ओकोतियो या वाळवंटी झुडपाच्या काटेरी काठ्या तो अशा रोवायचा, की कुंपणालाच मुळं फुटायची. मार्चमध्ये टोकाटोकाला लालभडक तुरे यायचे आणि चिमुकल्या गुंजनपक्ष्यांची त्यांवर झुंबड उडायची. चाळीस वर्षांत त्याचं एकही कुंपण वाळलं नव्हतं.

वाळलं ते विधवा ओब्दुलियाबाईंचं. दक्षिणेकडची अख्खी ओळ.

"उस्ताद, तिकडचे पक्षी उपाशी गेले म्हणे?" दुकानापुढे कुणीतरी डिवचलं. रेमीहियोने तिथल्या तिथे ठोकून दिलं, की बाई मुळांत साबणाचं पाणी ओततात, त्याला झाड काय करणार? लोक हसले. उस्तादाचं नाव राहिलं. ओब्दुलियाबाईंना मात्र बायका 'साबणवाली' म्हणू लागल्या, आणि साठीची ती बाई धुण्याचं घमेलं घेऊन मैलभर लांबच्या कालव्यावर जाऊ लागली.

महिन्याभराने तिचा निरोप आला, की वाळलेली ओळ उपटून न्या. रेमीहियो गेला तेव्हा ती कालव्यावरच होती. त्याने एक काठी उपटली, मांडीवर आडवी घेतली, आणि सवयीने बोटं फिरली. लांब काठीचे दोन तुकडे करताना जमिनीत जायचं टोक कळावं म्हणून बुडाकडच्या टोकाला तो कोयत्याने बारीक खाच पाडायचा. ती लागली जमिनीबाहेर असलेल्या वरच्या टोकाला. दुसरी उपटली, तिसरी, चौथी. सगळ्या उलट्या; मुळं फुटणार कुठून? लेकीने आणलेला चष्मा खणात पडून होता आणि त्याने ओळ नुसत्या अंदाजाने लावली होती.

कानशिलं तापली. गपचूप मोळी बांधून निघावं, कोणाला कळतंय, असंही मनात येऊन गेलं. तेवढ्यात ओल्या कपड्यांच्या ओझ्याने वाकलेली ओब्दुलियाबाई फाटकात आली.

"कुजली असतील ना मुळं? माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला, उस्ताद. माफ करा."

खोटं तिने खरं मानलं होतं. त्याला तोंड वर करवेना.

"बाई, काठ्या मी उलट्या लावल्या. साबणाचं काही नाही."

तिने घमेलं खाली ठेवलं.

"मला काय सांगता? दुकानापुढे सांगा."

तो काठी घेऊन गेला, टोपी काढली आणि सांगितलं. लोकांना थट्टा वाटली, ते पोट धरून हसले. चाळीस वर्षं वाहवा झेललेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला.

"हसून घ्या," तो म्हणाला. "झालं की पुन्हा सांगतो."