पायलटला मॅट्रिक लागते का?

मास्तरकीत दुसरं काही साचलं नाही, किस्से तेवढे साचले. रिटायर होऊन घरी बसलो, तरी कुणीतरी येतो, चहा होतो आणि हळूच म्हणतो, "सर, ते पायलटचं सांगा ना!" सांगून सांगून मी दमलोय. पण तुम्ही आलाच आहात, तर बसा.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नांदुऱ्याच्या हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. रोज नवं सर्क्युलर यायचं. एकात निघालं, की पोरांना पुढं काय व्हायचं ते सांगायला शाळेत एक 'करिअर मास्तर' नेमा. हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

"मीच का?"

"तुम्ही नागपूरचं विमानतळ पाहिलंय ना!"

पाहिलं होतं. बाहेरून!

* * *

नववीच्या वर्गात पहिल्याच दिवशी विचारलं, कोण काय होणार? डॉक्टर, तहसीलदार, एस.टी.चा कंडक्टर अशी उत्तरं आली. मग मुलींच्या बाकावरून शांता उठली आणि म्हणाली, "पायलट." वर्ग खो खो हसला. खरं सांगतो, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तुळशीरामभाऊ हजर. गावाबाहेर त्यांचा भाज्यांचा मळा होता. वांग्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "गुरुजी, दुसरबीडहून सोयरीक आली हाये. अन् पोट्टी म्हन्ते, मले पायलट व्हाचं हाये. त्याले मॅट्रिक लागते का नाई, तेवढं सांगा. लागत असन त राहू देतो शाळेत. नसन लागत त उद्याच काढतो अन् लगन उरकून टाकतो."

मी खिडकीबाहेर पाहिलं. शांता नळाशी उभी होती. नळ चालू होता, पण ती पाणी पीत नव्हती.

"लागते," मी म्हणालो. "लागतेच!"

* * *

मला वाटलं, मिटलं. कशाचं मिटतंय! दर बाजाराच्या दिवशी भाऊ नवी शंका आणि जुन्याच जातीची वांगी घेऊन यायचे. आमच्या घरात वांग्याचं नाव काढायची चोरी झाली.

"न्हावी म्हन्ते, फक्त डोये पाह्यतात. शांतीले त वांग्यातली अळी बाहेरूनच दिसते!"

"डोळे पाहतातच. पण मॅट्रिक झाल्यावर पाहतात."

पुढच्या आठवड्यात त्यांचा पिंपळगाव राजा गावचा मेहुणा निघाला. "थो म्हन्ते, टरक चालवनारा कोन मॅट्रिक हाये?"

मी पेपर तपासून तपासून वैतागलो होतो. म्हणालो, "भाऊ, ट्रकला ब्रेक असतो."

"अन् इमानाले?"

"वर हवेत कसला ब्रेक!"

भाऊ मटकन खाली बसले. "बापा! मंग शिकेलच पायजे."

त्यावर एक महिना शांततेत गेला.

* * *

मग विषय निवडायची वेळ आली. मुलींना गृहशास्त्र, मुलांना भूमिती, ही आमच्याकडची रीत. शांतानं भूमिती मागितली. हेडमास्तर म्हणाले, "पायलट काय जेवत नाही?" आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले. मला वाद घालायचंही त्राण नव्हतं.

शांता शांतपणे म्हणाली, "सर, स्वयंपाक घरी रोजच असते. भूमिती घरी नसते."

हेडमास्तरांनी सही केली. त्यानंतर भूमितीच्या तासाला ती मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसायची.

* * *

त्या हंगामात कपाशीवर औषध फवारायला विमान आलं. माळावर रोलर फिरवून धावपट्टी केली होती आणि सगळा तालुका कामं टाकून तिथं उभा. हेडमास्तरांनी पायलटलाच गॅदरिंगचा प्रमुख पाहुणा केलं. मी खूश होतो. म्हटलं, आता हाच काय ते सांगेल आणि माझी सुटका होईल.

काळा चष्मा काढून तो म्हणाला, "मित्रांनो, मला शाळा कधीच आवडली नाही! तास बुडवून मी विमानं बघायला जायचो. आणि बघा, आज विमान चालवतोय!"

टाळ्यांचा कडकडाट! हेडमास्तरांनीही वाजवल्या. मागच्या रांगेत तुळशीरामभाऊ उभे राहिले होते.

"आयकलं का, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी शांता शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रिकाम्या बाकाकडे पाहून मला फार वाईट वाटलं, आणि त्या काळ्या चष्म्याचा सडकून राग आला. सायकल काढली आणि थेट माळावर गेलो.

"साहेब, तुमच्या एका वाक्यापायी माझ्या वर्गातली मुलगी शाळेतून गेली!"

तो गडबडला. "अहो, गॅदरिंगमध्ये तसंच बोलतात! मॅट्रिक नसतो, तर फ्लाइंग क्लबात मला कुणी उभं केलं नसतं."

"मग हेच तिच्या वडिलांना मळ्यात येऊन सांगा."

आला बिचारा. वांग्यांच्या वाफ्यात उभा राहून सांगू लागला: हवामानाचा पेपर, इंजिनाचा पेपर, नकाशांचा, वायरलेसचा. आणि लायसन मिळाल्यावरही पुन्हा पुन्हा तपासणी.

"अन् हे सरते कवा?" भाऊंनी विचारलं.

"नोकरी सुटल्यावर."

भाऊंनी खुरपं खाली ठेवलं. "शांते, दप्तर घे."

* * *

दुसरबीडचे पाहुणे तरीही आले. भाऊंनी मलाही बोलावून घेतलं. मुलाच्या वडिलांनी चहाची बशी उचलता उचलता विचारलं, "मुलीची परीक्षा कधी संपायची म्हणे?"

"रिटायर झाल्यावर," भाऊ म्हणाले.

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? दुपारच्या एस.टी.नं मंडळी परत गेली.

* * *

शांता मॅट्रिक झाली. भूमितीत तिला चांगले मार्क पडले. बापलेक शाळेत आले. पेढे आणतील असं वाटलं होतं, पण पिशवीत वांगीच होती.

"गुरुजी, पायलटले आता कालेजबी लागत असन ना?"

"लागते," मी म्हणालो. एवढ्या दिवसांत तोंडाला सवयच झाली होती.

भाऊ समाधानानं सायकल काढायला फाटकाकडे गेले. मी शांताला म्हणालो, "नागपूरच्या फ्लाइंग क्लबाला मी पत्र टाकतो. नाव तुझंच घालू ना?"

तिनं फाटकाकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"नका टाकू, सर. मले त जत्रेतल्या पाळण्यातबी चक्कर येते."