दहापैकी दहा

"घरात कोणी पुरुष माणूस नाही का, आजी? त्यांना पाठवा. मी समजावतो त्यांना."

वसईच्या सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर बोलला. माझ्याकडे न बघता. मी उभी. त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी.

मुलांनो, तुमच्या आईला मी हे फोनवर सांगितलेलं नाही.

गाडीच्या ब्रेकमध्ये दोष आहे, असं कंपनीनेच पत्राने कळवलं होतं. त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. मी नेली. संध्याकाळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी फीडबॅक भरा ना. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आम्हाला बोलणी बसतात." मला तिची दया आली. दहा दिले. खाली वळणदार अक्षरात 'अत्यंत समाधानी' लिहून सही केली. गाडी अजून चालवलीही नव्हती. शाळेत एकतीस वर्षं पेपर न वाचता मी अर्धा मार्क दिला नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या फिलूबायला घेऊन भुईगावहून बाजाराला निघाले. वळणावर ब्रेक दाबला. पाय तळापर्यंत गेला. गाडी थांबेना. समोर शाळेतून सुटलेली पोरं. मी गाडी वाडीच्या कुंपणात घातली.

फिलूबायने मागे वळून रस्त्यावरची पोरं बघितली. मग म्हणाली, "बाय, पोरं वाचली."

गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. आठवड्याने बोलावणं आलं. फिलूबाय सोबत आली, नेहमीच्या लुगड्यात. मॅनेजरने माझा जुना फॉर्म पुढे धरला. "सही तुमचीच ना? दहापैकी दहा." मग फोनवर कंपनीच्या माणसाला इंग्रजीत म्हणाला, "खेडवळ म्हाताऱ्या आहेत. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला असणार."

मी इंग्रजीच शिकवत होते. उत्तर ओठांवर आलं, व्याकरणशुद्ध इंग्रजीत. गिळलं. ते ऐकून त्याने मला खुर्ची दिली असती आणि फिलूबाय उभीच राहिली असती. तसली खुर्ची मला नको होती.

"गाडीत फॉल्ट नाही. इथे सही करा, चावी घ्या."

नव्या फॉर्मवर मी मराठीत लिहिलं: 'दहापैकी शून्य. ब्रेक लागत नाहीत. गाडी नेत नाही. मागची सही न तपासता केली, ती चूक माझी.'

"शिक्का मारून प्रत द्या."

"असं चालत नाही, आजी."

फिलूबायने रिकामी खुर्ची ओढली. "तू बस, बाय. मी दुसरी आणते." मग त्याला विचारलं, "तुमचं दुकान बंद किती वाजता होतं?"

बंद व्हायच्या वेळेला शिक्का मिळाला.

गाडी अजून तिथेच उभी आहे. 'तक्रार मिटली' अशी कंपनीची पत्रं येतात. 'मिटलेली नाही,' असं मी प्रत्येकाला उत्तर लिहिते. ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. साक्षीदार म्हणून फिलूबायची सही आहे.

नाताळला आलात की चर्चला रिक्षाने जाऊ. त्या गाडीत मी तुम्हाला बसवणार नाही. आणि 'समाधानी' हा शब्द माझ्याकडून ते पुन्हा लिहून घेणार नाहीत.